बिनपाण्याचा बाजा

चैत्र लागला की मुकुंदवाडीत आधी लिंबाला फुलोरा येतो आणि मग आमच्या मांडणीवरची ताटं वाजायला लागतात. दारात त्या फुलांचा कडवट-गोड वास, उन्हाचा पहिला चटका, कूलरच्या जाळीत नवीन वाळा भरायची आईची घाई, आणि स्टेशनच्या पलीकडून कुठून तरी येणारा तो ठोका. गाणं ऐकू येत नाही. गाणं तिकडंच राहतं, ठोका तेवढा जमिनीतून चालत घरात येतो. आधी ताटं थरथरतात, मग वाट्या, मग खिडकीची काच. आई म्हणते, "लागली बाई सराई." अण्णा उठतात, जुन्या पेपराच्या घड्या करतात आणि दोन-दोन ताटांच्या मधे एकेक घडी सरकवतात. लग्नसराई संपेपर्यंत आमच्या घरी जेवायला बसताना आधी ताटाखालचा पेपर काढावा लागतो.

मी ते बघते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दर वर्षी. आठ वर्षं झाली, एक उन्हाळा चुकलेला नाही.

मी सॅक्सोफोन वाजवते. जॅझ वाजवते असं सांगितलं की नातेवाईक विचारतात, "म्हंजे बँडच ना?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता म्हणते, व्हय, बँडच. यंदा माझा अल्बम आला. आठ तुकडे आहेत. सॅक्सोफोन, आणि त्याच्या भोवती यंत्रांचे, बॉक्सचे, संगणकावर मोडून-तोडून पुन्हा जोडलेले आवाज. ज्यांना आवडला त्यांनी लिहिलं, धाडसी प्रयोग. धाडसी कसला डोंबलाचा! जॅझ ऐकणाऱ्या पाच-पंचवीस लोकांसाठी मी दोन उन्हाळे पत्र्याखाली घाम गाळला नव्हता. तो प्रयोग नव्हताच. तो सूड होता, आणि एकाच माणसासाठी होता.

त्याचं नाव संज्या. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतो, माझ्याच वयाचा. अण्णांचा बँड होता तेव्हा तो त्यात क्लॅरनेट वाजवायचा. अण्णा वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचे आणि सराईत बँड. शिफ्टच्या बसमधून उतरले की हातपाय धुवायच्या आधी ओट्यावर संज्याला घेऊन बसायचे. पत्ती कशी ओली करायची, ओठ कसा दुमडायचा, गालात नाही, पोटात हवा कशी धरायची. मी दाराच्या आत पोळ्या लाटत ऐकायचे. मला अण्णांनी शिकवलं, नाही असं नाही, पण माझा वार रविवार. संज्याचा रोजचा. पोरगी वरातीत चालणार कशी, म्हणून. खोटं कशाला बोलू, माझ्या रागाच्या चुलीत तीही एक काडी आहे.

आता आमच्या बँडची एक अट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

बँड माझ्या आज्यानं काढला. छावणीतल्या एका म्हाताऱ्या बाजेवाल्याकडून तो सॅक्सोफोन शिकला; आमच्यात त्याला बाजाच म्हणतात. त्याच्या काळात गावोगाव लग्नात बाजा आमच्या लोकांचा चालायचा, पाणी मात्र वरून, ओंजळीत. दिवसभर फुंकून ओठ फुटलेला माणूस उकिडवा बसायचा आणि कुणीतरी हातभर उंचीवरून धार सोडायचं. धम्म घेतल्यावर आज्यानं गावकीची सगळी कामं टाकली. लोक म्हणाले, बाजाही टाक. आज्या म्हणाला, बाजानं माझं काय वाईट केलं? बाजा ठेवला, पण अटीवर. नवरदेव मांडवाच्या दारात आला की आमची ‘दारची चाल’ वाजेल. ती त्यानंच बांधलेली. चाल पूर्ण वाजवून खाली ठेवली की यजमानानं स्वतःच्या हातानं, घरात प्यायच्या तांब्यात, बाजेवाल्याला पाणी द्यायचं. बाजेवाला तांबा तोंडाला लावून पिणार, पालथा करून परत देणार. मगच बाजा पेटीत जाईल. कबूल असेल तर सुपारी द्या, नसेल तर दुसरा बँड बघा.

आणि लोक कबूल व्हायचे! कारण आज्याचा बाजा तसा होता. सुरुवातीला नाकं मुरडत द्यायचे, पुढं पुढं ती रीतच झाली. अण्णांच्या काळात तर काही घरांत मुलीचा बाप सकाळपासून तांबा चिंचेनं घासून ठेवायचा, की बँडवाल्यांना पाणी द्यायचंय. अर्धी चाल टाकून बाजा खाली ठेवायचा नाही, आणि बिनपाण्याचा बाजा पेटीत घालायचा नाही. आमच्या घरात देव नव्हते, पण हे दोन नियम होते.

संज्याला हे सगळं तोंडपाठ होतं. तो त्या तांब्यांतून शेकडो वेळा पाणी प्यायला होता. म्हणूनच माझा राग बाकीच्या डीजेवाल्यांवर नाही. त्यांना काय माहीत! हा माहीत असलेला होता.

त्यानं बँड सोडला तेव्हा अण्णांनी अडवलं नाही. "पोरगं हाय, पोटाचं बघंल," एवढंच म्हणाले. क्लॅरनेट बँडची होती, ती त्यानं ओट्यावर ठेवली आणि गेला. सहा महिन्यांत त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. माणसाच्या उंचीचे बॉक्स, वर भोंगे, मागं जनरेटर. तेव्हाही अण्णा बघायला गेले होते. बॉक्सवर हात फिरवून म्हणाले, "लई मोठं केलंस की रे." त्यांना कौतुक वाटलं होतं. माझ्या बापाला माणूस कळत नाही, सूर कळतो.

मग ते देवगाव रंगारीचं लग्न आलं. वैशाखातलं, साडेबाराचं. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते, सुट्टीला आले होते, आणि उगाच हट्ट करून बँडच्या टेम्पोत बसून गेले. रस्ताभर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली उघडी रानं. गरम वाऱ्यात बाजाच्या पितळेला हात लावला तर चटका. गावात पोचलो तर पुढं संज्याची गाडी. मुलाकडच्यांनी दोन्ही ठरवलं होतं, म्हाताऱ्यांसाठी बँड आणि पोरांसाठी डीजे. संज्यानं वरून हात केला, "या अण्णा, आज आपुन संगंच!" अण्णा हसले.

मारुतीच्या देवळापासून परण्या निघाली, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. घोडं, फेटे, धुरळा. ठरलं असं होतं की मांडवाच्या दारापर्यंत डीजे आणि दारात बँड. दाराशी मुलीचा बाप उभा होता. पांढरा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला, हातात लख्ख तांबा. संज्यानं गाणं थांबवलं. अण्णांनी बाजा ओठाला लावला आणि दारची चाल उचलली.

त्या चालीचं काय सांगू! आधी ती खाली-खालीच फिरते, घरातलं माणूस दारात येऊन बाहेर बघतं तशी. मग मधे एका सुरावर थांबते. लांब थांबते. तिथं अण्णांचा श्वास संपतो की काय असं वाटतं, आणि तिथूनच ती वर चढते. अण्णा त्या लांब सुरावर होते. डोळे मिटलेले. आणि धब्ब.

संज्यानं चालू केलं. पोरं ओरडत होती, "लाव, लाव, अय डीजे, लाव!" आणि त्यानं लावलं. मी अण्णांपासून चार हातांवर होते. त्यांची बोटं हलताना दिसत होती, गाल ताणलेले दिसत होते, मानेची शीर दिसत होती, आवाज नव्हता. ते थांबले नाहीत. चाल खाली ठेवायची होती ना! वाजवत राहिले, मुक्यासारखे. पोरं नाचत त्यांच्या अंगावर येत होती. मुलीच्या बापाला गर्दीनं मांडवात ढकललं, तांब्यातलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं, तो काहीतरी बोलत होता, तेही ऐकू आलं नाही. मग अण्णांनी डोळे उघडले आणि वर गाडीकडं बघितलं. संज्यानंही बघितलं. मला वाटलं, आता बंद करेल. त्यानं हसून हात पुढं केला आणि पंजा दोनदा खाली दाबला. बास, अण्णा, बास.

तो पंजा मी विसरलेली नाही. मेले तरी विसरणार नाही.

अण्णांनी बाजा ओठांपासून काढला. टेम्पोपाशी आले, पेटी उघडली आणि पाणी न पिता बाजा आत ठेवला. परतीच्या वाटेवर ढोलवाल्या काकांनी बाटली पुढं केली, "घ्या मास्तर, ओठ सुकलेत." अण्णांनी मान हलवली. मुकुंदवाडीपर्यंत थेंब घेतला नाही. घरी आईनं दिलं ते प्यायले, पण ते घरचं पाणी. त्याचा या पाण्याशी काय संबंध? पुढच्या दोन सुपाऱ्या त्यांनी दुसऱ्या बँडला दिल्या. मग बँडच देऊन टाकला. पेटी माळ्यावर गेली. वर्षभरानं छातीचं दुखणं निघालं आणि त्यांचा आवाज कायमचा बसला. डॉक्टर म्हणाले, कंपनीतल्या धुळीनं. असेल. मी माझ्या हिशोबात ते संज्याच्या नावावर टाकलं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मी पुस्तकात वाचला होता. आता तो आमच्या गल्लीत राहत होता, आणि त्याच्या गाडीचा ठोका आमच्या ताटांत येत होता.

पुण्यात मला जॅझ भेटलं. ऑफिस सुटल्यावर चार-पाच जण एका गॅरेजमध्ये वाजवायचे, तिथं मी जाऊन उभी राहिले. त्यांचं ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं. चाल उचलायची, हवी तशी फिरवायची, वाट चुकल्यासारखं करायचं आणि शेवटी घरी आणून ठेवायची. अण्णांना मोबाईलवर ऐकवलं तर ते कान लावून बसले आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे तर आपलंच हाय. फक्त ह्यांना घाई नाय." त्या लग्नानंतर त्यांच्या तोंडून बाजाबद्दल निघालेलं ते पहिलं वाक्य. पेटी उतरवू का विचारलं तर म्हणाले, "बिनपाण्याची हाय ती. राहू दे."

तेव्हाच ठरलं. नोकरी सोडून परत आले, स्टेशनमागं पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली, दारं-खिडक्यांना गोधड्या लावल्या. गोधड्यांमुळं आवाज आत येत नाही आणि वाराही येत नाही. भर दुपारी तिथं वाजवताना घाम बोटांवरून चाव्यांवर उतरायचा. वाळूजच्या एका कारखान्याच्या भिंतीला टेकून मी प्रेसचा ठोका गोळा केला, शिफ्टच्या बसचं दार आपटतं तो आवाज घेतला, कूलरच्या पंपाची गुळगुळ घेतली. पण मला खरं पाहिजे होतं ते संज्याचं. काट्यानं काटा काढायचा होता. त्याचाच ठोका घ्यायचा, कापायचा, उलटा करायचा, वाटायचा आणि त्याच्यावर बाजा चढवायचा. सात तुकडे असे. प्रत्येक तुकड्यात बाजा आधी त्याच्या ठोक्याखाली दबलेला आणि शेवटी त्याच्या उरावर. आठव्यात ठोका नाही, यंत्र नाही, काहीच नाही. नुसती दारची चाल, अख्खी, अण्णांच्या बाजावर. आणि ती संज्याला त्याच्याच गोदामात, त्याच्याच बॉक्समधून, खाली ठेवेपर्यंत ऐकवायची. जागचं हलू द्यायचं नाही. मला दुसरं काही नको होतं.

त्याच्या गोदामात गेले तेव्हा तो पाठमोरा वायरी गुंडाळत होता. मी हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली, मग तिसऱ्यांदा, जोरात. ढिम्म. म्हटलं, माज बघा! समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकला. पोट सुटलेलं, गळ्यात साखळी. "आगं प्रज्ञे! तू?" एवढ्या मोठ्यानं बोलला की मला वाटलं गल्लीला ऐकवतोय.

"अल्बम करतीय. तुझ्या बॉक्सचे आवाज पाहिजेत."

तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिला. निर्लज्जपणाची हद्द, मी मनात म्हटलं. मग हसला. "घे की. लागंल तेवढं घे. अण्णाच्या पोरीला नाय म्हनू का मी?"

अण्णांचं नाव त्याच्या तोंडी ऐकून माझे कान तापले, पण मी दात-ओठ आतच खाल्ले. आणि मग तो गडी चार दिवस माझ्यासाठी राबला. जनरेटरची पहिली खोकल्याची उबळ, माइक बॉक्ससमोर धरल्यावरची किंकाळी, वायर ढिली असताना येणारी घरघर, सगळं काढून दिलं. दर वेळी विचारायचा, "कसं आलं?" आणि पुन्हा माझ्या तोंडाकडं बघायचा. मी म्हणायचे, चांगलं आलं. मनात म्हणायचे, बोकडा, स्वतःच्या हातानं सुरी घासून देतोयस.

आठव्या तुकड्यासाठी अण्णांकडं बाजा मागितला. कशासाठी ते सांगितलं नाही. ते बराच वेळ पेपराच्या घडीवर नख फिरवत बसले. मग म्हणाले, "घे. पर आता उघडलीस तर पेटीत तसाच नको ठेवू." पेटी उघडली तेव्हा आतून जुन्या मखमलीचा आणि थुंकीचा वास आला. खालच्या एका चावीला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं होतं, बोट उचललं की ती टक करून बसायची. ते रबर कधीकाळी संज्यानंच लावलेलं. मी ते बदललं नाही. त्या टकेसकट चाल वाजवली, एका दमात, मुद्दाम हळू. नुसत्या श्वासाएवढी. बाजा पेटीत घातला नाही, गोधडीत गुंडाळून खोलीतच ठेवला.

यंदा होळी होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी गोधडीतला बाजा काखोटीला मारून, खिशात अल्बम घेऊन मी संज्याच्या गोदामात गेले. "ऐकायचा का?" म्हटलं. त्यानं खुर्ची ओढली आणि सगळ्यांत खालच्या मोठ्या बॉक्सवर हात ठेवून बसला.

पहिला तुकडा सुरू झाला आणि त्याचा चेहरा फुलला. "आयला, माझाच ठोका!" मान हलवायला लागला. दुसरा, तिसरा. पत्र्याचं छप्पर खडखडत होतं. सातव्याला तो बॉक्सवर ताल धरून होता, आणि मी त्याच्याकडं बघत होते. ठोका मेला. आठवा सुरू झाला. वरच्या भोंग्यांतून अण्णांचा बाजा आला, खाली-खाली फिरत. मी श्वास धरून उभी. चाल त्या लांब सुरावर पोचली.

संज्यानं हात लांब केला आणि बटण दाबून बंद केलं.

"झालं? लई भारी बसवलंस, प्रज्ञे!" आणि समाधानानं पंजा दोनदा खाली दाबला.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं. "परत? त्याच जागी? परत बंद केलंस? अण्णांची चाल होती ती, हरामखोरा!" तो माझ्या ओठांकडं बघत होता. हसू हळूहळू उतरलं.

"चालू व्हतं का अजून?" त्यानं विचारलं. नेहमीपेक्षा हळू. "मला नाय येत ऐकू. डावा गेलाच. उजव्यात नुसता ठोका येतो, तोबी हातानं कळतो म्हनून. शिट्टी, पाखरं, बायकोचं बोलनं... नाय येत आता. कुनाला सांगू नको, धंदा बसंल."

मला आनंद झाला. लपवत नाही. आधी आनंदच झाला, अंगावर गार पाणी पडावं तसा. भोवलं की नाही! स्वतःच्याच बॉक्सनं खाल्ला! आणि दुसऱ्या क्षणी माझ्याच अंगाचा भडका उडाला, कारण मग मी दोन उन्हाळे कुणासाठी मेले? बहिऱ्याला चाल ऐकवून सूड कसा घ्यायचा? तो तर सुटला की!

नाही, म्हटलं. सुटू देणार नाही. गोधडी सोडली, बाजा काढला, संज्याचा हात धरून दरादरा ओढला आणि त्या रबराच्या चावीजवळ, पितळेवर दाबून ठेवला. आणि पहिल्यापासून चाल उचलली. तोंडाला तोंड लागेल एवढ्या जवळून, सगळ्या जोरानं. पितळ थरथरत होतं. चावी त्याच्या तळव्याखाली टक, टक बसत होती.

चौथ्या-पाचव्या टकेला त्यानं वर बघितलं. "हे रबर..." म्हणाला. मग त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. क्लॅरनेटची बोटं. दारच्या चालीत क्लॅरनेट जिथं जिथं उत्तर देते, तिथं तिथं. लांब सुरावर मी थांबले, तोही थांबला, बोट वर धरून. मग चढलो. चाल मी खाली ठेवली तेव्हा त्याचं तोंड रडल्यानं वेडंवाकडं झालं होतं.

तो उठला आणि मागच्या दारानं घरात गेला. आला तेव्हा हातात तांबा होता. भरलेला. मला द्यायला पुढं केला.

तहान मला मरणाची लागली होती. पण मी मान हलवली, बोट आमच्या गल्लीकडं दाखवलं आणि त्याला दिसतील असे ओठ हलवून म्हटलं, "ज्याचं राहिलंय, त्याला."

मग ती परण्या निघाली. भर उन्हात, तीन गल्ल्यांतून, पुढं संज्या दोन्ही हातांत तांबा धरून, अनवाणी, आणि मागं मी बाजा वाजवत. वरातीत न चाललेली पोरगी! बायका दारांत आल्या. रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली. कुणीतरी विचारलं, "काय रे संज्या, हे काय नवीन?" त्याला ऐकू आलं नाही, त्यानं मान वर केली नाही. सगळ्यांनी त्याला बघावं म्हणून मी मुद्दाम हळू चालत होते. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं.

अण्णा दारात उभे होते. चाल त्यांनी पहिल्याच गल्लीत ओळखली असणार. संज्यानं तांबा पुढं केला. अण्णांनी दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता प्यायले. गळ्याचं हाड वर-खाली होत होतं, मिशा भिजल्या. तांबा पालथा केला. एक थेंब पडला नाही. तो पालथाच संज्याच्या हातात दिला. संज्याची मान खालीच होती. तेव्हा अण्णा त्यांच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "येत जा रे घरी. तुझी क्लॅरनेट हाय माळ्यावर. दर सराईला उतरवून पुसतो मी तिला." आणि ती आणायला आत वळले.

दर सराईला! मला माहीतसुद्धा नव्हतं. ज्या माळ्यावर स्वतःची पेटी उघडायची नाही, तिथून त्याची क्लॅरनेट काढून पुसत होते.

संज्यानं मान वर केली. त्याला दिसली ती अण्णांची पाठ. मला विचारलं, "काय म्हनले? प्रज्ञे, काय म्हनले अण्णा?"

आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. तोही त्याला ऐकू आला नाही.

मी ओठ नीट हलवून म्हटलं, "तांबा घेऊन जा म्हणाले."

तो गेला. अण्णा क्लॅरनेट घेऊन बाहेर आले तोवर गल्ली रिकामी होती. "गेला?" "हो. घाईत होता. सराई तोंडावर आलीय ना." मग मी बाजा पुसला आणि पेटीत ठेवला. आता तो बिनपाण्याचा नव्हता.

मी काय केलं ते मला कळतं. अण्णांचं वाक्य त्यांच्या दारातच मी बंद केलं, आणि मला काही कमी ऐकू येत नाही. सांगायला तीन गल्ल्या जावं लागतं. गेलेले नाही. सूड म्हणतात तो मला मिळाला. अल्बममध्ये तो नाही.

परवा ताटं वाजली. अण्णा पेपराच्या घड्या करत म्हणाले, "संज्याची गाडी दिसती. आज येतो का काय?"

"सराई आहे, अण्णा," मी म्हटलं. "वेळ नसेल."

"व्हय," ते म्हणाले, "सराईत कुठला वेळ." क्लॅरनेटची पेटी त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आहे. त्या खुर्चीवर ते सध्या कुणाला बसू देत नाहीत.